पळी वाजली की शेठ निघत

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पळी वाजायची. दोन ठोके. मग खालून खोकल्याचा आवाज, चपला शोधल्याचा आवाज आणि एक ठरलेलं वाक्य : "निघालो, पावणं. होऊ द्या सावकाश." फाटकाची कडी लागली की आम्ही मटणाचं पातेलं चढवायचो.

हे निघणारे गृहस्थ आमचे घरमालक. आजोबा राजस्थानातून घोडेगावात आले, हिरड्याच्या व्यापारात बसले आणि नातू मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत भांडू शकेनासा झाला. घर जैन. शेठ पाणी उकळून, गाळून पीत. सूर्य मावळायच्या आत जेवत. कांदा-लसूण राहू द्या, बटाटासुद्धा त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आणि अशा माणसाने वरच्या मजल्यावर मला ठेवलं होतं, आळे गावच्या शेतकरी घरातली, रविवारी मटण न मिळालं तर सोमवारी तोंड पाडून कॉलेजात जाणारी. मागच्या खोलीत हिराबाई होत्या, भीमाशंकरच्या रस्त्याने वर डोंगरात जन्मलेल्या महादेव कोळी. सरकारी दवाखान्यात मावशी म्हणून कामाला, नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. त्यांच्या वडिलांनी डोक्यावरून हिरड्याची पोती शेठच्या वडिलांकडे आणलेली. शेठच्या मते भाडेकरू ठेवायला एवढी ओळख पुष्कळ होती.

मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि खोली बघायला गेले, तेव्हा शेठनी माझी नोकरी, जात, लग्न यातलं काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "रविवारी काय शिजतं तुमच्यात?"

गेली ही खोली हातची, असं मनात म्हणत मी खरं सांगितलं. "मटण. कधी सुकट."

"सुकट वारा असंल तेव्हाच करायची," ते म्हणाले आणि बोट ओलं करून हवेत धरलं. खोली मिळाली.

माझ्या आधी तीच खोली बघायला एक मास्तर आले होते. शुद्ध शाकाहारी, आवाज हळू, एकटे. घरमालकांनी ओवाळून घरात घ्यावा असा माणूस. त्यांना शेठनी पाणी दिलं, प्रकृतीची चौकशी केली आणि नको म्हणून सांगितलं. गावाला हे कोडं अनेक वर्षं पुरलं.

शेठ सगळ्यांनाच पावणं म्हणत. मला, हिराबाईंना, पोस्टमनला, स्वतःच्या मुलाला. बायको जिवंत असताना तिलाही म्हणत, असं जुनी माणसं सांगतात. एकदा मी म्हटलं, "शेठ, मी भाडं देते. मी पाहुणी कशी?" ते म्हणाले, "आमी बी पावणंच हाय की. माझा आज्जा इथं उंटावरून आला का रेल्वेतून, ते बी कुणाला धड ठावं न्हाई." खालच्या मजल्यावर हिरड्याचं गोदाम होतं. सगळ्या घराला त्याचा तुरट, कोरडा वास यायचा. बदलीवर गेलेली माणसं त्या वासाबद्दल कुरकुर करत जात आणि वर्षभराने भेटली की त्याचीच चौकशी करत.

पळीचा नियम शेठचा. मटण शिजवायचं तर शिजवा, फक्त आधी कळवा. मी बाहेर जातो, तुमचं आवरलं की येतो. छत्री घेऊन ते एसटी स्टँडवर जाऊन बसत, ऊन असो नसो. बाराच्या पुढे परत येत. येताना फाटकापाशी मोठ्याने खोकत, म्हणजे ताटावर बसलेल्यांनी घाबरू नये. हिराबाईंना सुरुवातीला हे फार अवघड वाटायचं. मालकाला त्याच्याच घरातून घालवायचं म्हणजे काय! त्या हळूच, पदराआड पळी वाजवत. शेठ खालून ओरडत, "पावणं, जोरात वाजवा! मला काय सपान पडणार हाय का?"

एकदा त्यांच्या समाजातले एक वजनदार गृहस्थ समजावायला आले होते. मी जिन्यात होते. ते म्हणाले, "शेठ, तुमच्यासारख्या धार्मिक माणसाच्या घरात हे चालतं, बरं दिसत नाही."

"दिसत न्हाईच," शेठ म्हणाले. "मी स्टँडवर असतो."

त्यांच्यावर मानसन्मानाचाही प्रयोग करून पाहिला गेला. एका संस्थेने त्यांना समाजभूषण केलं. मांडव, हार, फेटे, एका पुढाऱ्याची वाट बघत दोन तास. शाल अंगावर पडल्यावर शेठनी माईकजवळ वाकून विचारलं, "कुठल्या समाजाचं?" सूत्रसंचालकाने हसून वेळ मारून नेली, पण शेठ खरोखर उत्तराची वाट बघत उभे होते. शेवटी त्यांना धरून बसवावं लागलं. ती शाल पुढे हिराबाईंच्या धाकट्या मुलीने शाळेच्या नाटकात राजा होताना वापरली. त्या शालीचं त्याहून चांगलं काही झालं नसतं.

घर पाडून इमारत बांधायची, ही कल्पना शेठच्या मुलाची. तो पुण्यात नोकरीला, स्वभावाने गरीब, वडिलांना पप्पा म्हणणारा आणि त्यांच्यापुढे बसल्यावर मोबाईल पालथा ठेवणारा. त्याचंही चुकत नव्हतं. छपराच्या पन्हाळी गळत होत्या, मागची भिंत फुगली होती, आणि हिरड्याचा धंदा पोत्यांवरून पिशव्यांवर आला होता. त्याने एका बिल्डरला आणलं. बुधवार होता. बिल्डर ओसरीवर बसून, "शेठ, लोकेशन एक नंबर हाय, तळाला गाळे, वर फ्लॅट," असं रंगात आला होता. तेवढ्यात खांबावरच्या तारा बघायला आलेल्या वायरमनची शिडी जिन्याच्या कठड्याला लागली. ठण्ण. परत ठण्ण.

शेठ उठले. "निघालो, पावणं. होऊ द्या सावकाश." छत्री घेतली आणि गेले.

बिल्डर दुपारपर्यंत बसून होता. मुलगा त्याला पाणी देत राहिला. शेवटी बिल्डर कपाळ पुसत म्हणाला, "तुमचे वडील लई कसलेले दिसतात. बरं, अजून एक गाळा तुमचा, पण आता त्यांना बोलवा." शेठ आले ते सरळ वर माझ्याकडे. "कुणाकडं शिजलं?"

"कुणाकडं नाही. बुधवार आहे."

"मग वाजवलं कुणी?"

मी शिडी दाखवली. शेठनी थोडा विचार केला. "वाजलं की जायचं. वार बघत बसायचा न्हाई. पावण्यांकडं पावणं आलं असंल, असं वाटलं मला."

खरी बैठक पुढच्या महिन्यात झाली. ओसरीवर बिल्डर, मुलगा आणि समोरच्या घरातले आबा. आबा म्हणजे गल्लीतले जुने जमीनदार. मळे ओलिताखाली, घरावर नवीन फरशी, आणि वाढदिवसाला चौकात स्वतःचा फ्लेक्स. मी आणि हिराबाई जिन्याच्या पायरीवर. आम्हाला शेठनीच बसवलं होतं : "पावणं बी राहत्यात हितं. ऐकू द्या."

बिल्डर म्हणाला, "एक गोष्ट आधीच क्लियर करू. गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं? शेजारी कोण. आपण फक्त शाकाहारी फॅमिलीसाठी ठेवली ना बिल्डिंग, तर हातोहात जाईल."

"आगदी बरोबर," आबा म्हणाले.

आमच्या गल्लीत आबांच्या घरासारखं मटण कुठे होत नसे. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई रविवारी मसाला वाटायला बसल्या की मला माझ्या पातेल्याची लाज वाटायची. तेव्हा शाकाहाराचा हा पुळका कुठून आला, ते मला कळेना. पण आबांनीच खुलासा केला. हिराबाई आपल्यात बसल्याच नाहीत अशा थाटात ते म्हणाले, "शेठ, राग मानू नका. गल्लीचा भाव पडतो. ही डोंगराकडची माणसं आली की त्यांची पावणं येत्यात, पावण्यांची पावणं येत्यात, ओट्यावर झोपत्यात. उद्या अख्खी वाडी उतरंल हितं. तोंडानं कुणाला नको म्हणता येत न्हाई. शाकाहारी म्हटलं की आपसूक चाळण लागती."

हिराबाई पायरीवरचं एक वाळलेलं पान उचलून दुमडत बसल्या.

शेठ म्हणाले, "आबा, तुमी घेणार का फ्लॅट?"

"घेणार की. धाकट्यासाठी एक बघतोय."

"मग तुमचं रविवारचं?"

आबा जरा घुटमळले. "आमचं काय राव, आमी मळ्यात जाऊन करू."

"मग आपण दोघं संगंच निघू," शेठ म्हणाले. "मी छत्री घेऊन, तुमी पातेलं घेऊन."

बिल्डर हसला, मग आबांकडे बघून त्याने हसू आवरलं. मग शेठनी हिराबाईंकडे हात करून मुलाला आपली अट सांगितली, एवढी साधी की बिल्डरला ती अट वाटलीच नाही. "ह्या पावण्यांची खोली खालच्या मजल्यावर हाय तशी द्यायची. चुलीसकट. तेवढा शब्द द्या, मी सही करतो."

मुलाने शब्द दिला. बिल्डरनेही दिला. मी हळूच म्हटलं, "शेठ, हे कागदावर घ्या." ते माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मी सुकट वारा नसताना केली. हिरड्याच्या व्यवहारात शब्द देणारा आणि माल घेणारा हे दोघंच असतात. शब्द मोडला तर पुढच्या हंगामात डोंगरातून कुणी उतरत नाही. शेठ आयुष्यभर त्या हिशेबाने जगले होते आणि तो हिशेब कधी चुकला नव्हता. इमारतीत मात्र शब्द देतो एक आणि राहायला येतात दुसरेच, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा मुलाने नात्यातल्या एकाकडे दोन खोल्या बघितल्या. देरासर, म्हणजे जैन मंदिर, जवळ; पाण्याचा नळ दारात.

"आन् हे पावणं?" शेठनी विचारलं.

"पप्पा, त्यांच्याकडे कांदासुद्धा चालत नाही. हिरामावशी कशा येतील?"

आठवड्याने कळलं की शेठ भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या शिनोली गावात हिराबाईंच्या भावाच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायला चाललेत. एका खोलीत ते, एका खोलीत हिराबाई आणि मुली. समाजात एकच धांदल उडाली. गाडी करून माणसं आली, समजावून गेली. शेठचं म्हणणं एवढंच, की भाडेकरू व्हायचंय तर ओळखीच्यांकडं व्हावं.

घर पाडलं तेव्हा सागवानी तुळया, दारं, पितळी कड्या पुण्याच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी हातोहात नेल्या. आता त्या कुठल्यातरी हॉटेलात वारसा म्हणून उभ्या असतील. शेठनी फक्त जिन्याच्या कठड्याचा एक तुकडा मागून घेतला आणि टेम्पोत स्वतःच्या शेजारी ठेवून शिनोलीला नेला. तिथल्या ओट्याच्या कडेला हिराबाईंच्या भावाने तो सिमेंटात रोवून दिला. घोडेगावात जो कठडा जिन्यावरून पडणाऱ्यांना अडवायचा, तो आता कोंबड्यांना अडवू लागला.

मी स्टँडपलीकडे एका नव्या सोसायटीत खोली घेतली होती. अधूनमधून रविवारी शिनोलीला जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा शेठ रागावून ओट्यावर बसले होते.

"हे बघा पावणं, ह्यांनी मला कोंडून घातलंय."

हिराबाईंचा भाऊ, दोन शेतं आणि एक रिक्षा असलेला शांत माणूस, हात चोळत उभा होता. "ताई, तुमीच सांगा. शेठ आमच्या घरात राहत्यात. त्यांच्या देखत कसं शिजवायचं? आमी बंद केलं. आमाला काय त्याचं न्हाई."

"तुमाला न्हाई, पण मला हाय ना!" शेठ म्हणाले. "किती रविवार झाले, मी घरातच बसलोय. कोंबड्या बघतोय."

त्या दिवशी भावाच्या बायकोने लाजत लाजत कठड्यावर पळी वाजवली. शेठ ताडकन उठले, खोकले, छत्री घेतली. "निघालो, पावणं. होऊ द्या सावकाश." मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. टपरीसमोरच्या बाकड्यावर ते बसले, आपल्या तांब्यातलं उकळलेलं पाणी प्यायले. भीमाशंकरकडून एसटी आली. दोन बायका उतरल्या, एका म्हाताऱ्याने लांबूनच, "शेठ, बरं हाय का?" म्हणून हाक मारली. बाकड्यावर सरकून सरकून चौघं झाले. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन, यंदा हिरड्याला मोहर कसा. शेठ सगळ्यात रस घेत होते. घरात मोजकं बोलणारा हा माणूस बाकड्यावर किती बोलतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

गर्दी पांगल्यावर मी ते जुनं कोडं काढलं. "शेठ, त्या मास्तरांना खोली का नाकारली होती?"

"चांगलं माणूस व्हतं ते," शेठ म्हणाले. "पण शाकाहारी. रविवारी मला बाहेर कुणी काढलं असतं?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"आमच्या घरात भाईर पडायला कारण लागतं, पावणं. देरासर, दुकान, दुखवटा. नुसतं माणसांत जाऊन बसतो म्हटलं तं म्हणत्याल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वास येतो म्हटलं की कुणी इचारत न्हाई." त्यांनी छत्री दुसऱ्या गुडघ्याला टेकवली. "ही गेल्यापासनं रविवार लई मोठा झालाय."

आता मला वाटतं, त्या बाकड्यावर आणखी थोडं बसायला हवं होतं. पण मला बारा वाजलेले दिसत होते, आणि शिनोलीत माझ्यासाठी ताट वाढून ठेवलेलं होतं.

शेठ त्याच हिवाळ्यात गेले, शिनोलीतच, दुपारच्या झोपेत. घोडेगावच्या चौकात आबांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यावर शेठचा समाजभूषणाच्या शालीतला फोटो होता आणि खाली आबांचा, जरा मोठा.

इमारत उभी राहिली. तिला शेठचं नाव दिलंय, सोनेरी अक्षरांत. त्याखाली, जरा लहान अक्षरांत, ती केवळ शाकाहारी कुटुंबांसाठी असल्याचं लिहिलंय. ते बिल्डरने लिहिलं नाही, मुलाने तर नाहीच. ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांनी पहिल्याच सभेत ठरवलं. ठराव मांडणारा आबांचा धाकटा होता.

वास्तुपूजेला मुलाने मला आणि हिराबाईंना मुद्दाम बोलावलं. पूजा झाल्यावर तो हिराबाईंना तळमजल्यावर मागे घेऊन गेला. खोली चांगली होती. मोठी खिडकी, काळा कडाप्प्याचा ओटा, नळाला पाणी. त्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"मावशी, खोली तुमचीच. पप्पांना शब्द दिलाय, मी मोडणार नाही. फक्त…" त्याने नळ उघडून परत बंद केला. "फक्त ते रविवारचं तेवढं. सगळ्यांचं ठरलंय. मी एकटा काय करू?"

हिराबाईंनी ओट्यावरून हात फिरवला. खिडकी उघडून बघितली, लावली. मग दाराबाहेर येऊन विचारलं, "जिना कुठंय दादा?"

"लिफ्ट आहे मावशी."

त्यांनी मान हलवली. "मटणावाचून काय जीव जात न्हाई, दादा. माळकरी बी राहत्यातच की. पण शेठनी चुलीसकट म्हटलं व्हतं. नुसती खोली मी कशी घेऊ?" आणि किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. मुलगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगितलंय. त्याला मूठ मिटायला बराच वेळ लागला.

मागच्या रविवारी मी शिनोलीला गेले होते. हिराबाईंची थोरली आता नर्सिंगला आहे, धाकटी उंच झाली आहे. शेठची खोली तशीच ठेवली आहे; खुंटीला छत्री आहे. मटण धुऊन, मसाला वाटून तयार होता. हिराबाई पळी घेऊन ओट्यावर आल्या आणि कठड्यावर दोन ठोके वाजवले. पदराआड नव्हे, चांगले खणखणीत. कोंबड्या दचकून पांगल्या.

मग त्या थांबल्या. भाऊ, भावजय, धाकटी, सगळेच थांबले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला खोकून, चपला शोधून, छत्री घेऊन फाटकाबाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला.

"होऊ द्या आता," हिराबाई म्हणाल्या, आणि भावजयीने पातेलं चढवलं.